काँगच्या अंगावरील केस

१९३३ सालच्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क शहरांत एक बोलपट प्रथम दाखविण्यांत आला. दूरच्या एका बेटावरून पकडून आणलेला प्रचंड गोरिला साखळ्या तोडून शहरांत मोकाट सुटतो, एका तरुणीस मुठींत धरून एम्पायर स्टेट इमारतीच्या शिखरावर चढतो, आणि तेथें विमानांतून झालेल्या गोळीबारानें घायाळ होऊन खालीं कोसळतो, ही त्या बोलपटाची कथा. 'किंग काँग' हें त्याचें नांव. ती इमारत अवघ्या दोन वर्षांपूर्वीं, १९३१ सालीं, पुरी झाली होती व तिची उंची १२५० फूट होती. तिच्या माथ्यावर गर्जना करणारा गोरिला प्रेक्षकांना दुमजली घराएवढा दिसला. वस्तुतः शहरांतील प्रसंगांसाठीं बनविलेल्या त्या गोरिलाची उंची होती फक्त २४ इंच.

तो बोलपट ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिला असेल त्यांच्या नजरेस एक चमत्कारिक गोष्ट आली असेल. वारा नसतांना, काँग जागच्या जागीं उभा असतांनाही, त्याच्या छातीवरचे व खांद्यांवरचे केस सारखे हलत असतात. जणूं एखादा अदृश्य हात त्यांवरून फिरत आहे. आणि खरोखरच हात फिरत होता. तो हात लपविण्यासाठीं एका पिढीनें केवढी खटपट केली, आणि दुसऱ्या एका पिढीनें तोच हात पुन्हां शोधून कसा काढला, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

लहान प्रमाणावर प्राणी घडविण्याची कला फार जुनी आहे. माती, लांकूड, दगड, हस्तिदंत, धातु, यांपैकीं कोणत्याही द्रव्यांत हाडांची ठेवण, स्नायूंचा ताण, शिंगांचा बाक हें सर्व कुशल हाताला साधतें. कारण तें सर्व आकाराच्या कक्षेंत येतें. केस मात्र त्या कक्षेंत सहजासहजीं येत नाहींत. मूर्तिकार सिंहाची आयाळ कोरतो तेव्हां तो केस कोरीत नसून केसांच्या बटांची एक ठोकळ कल्पना कोरीत असतो, आणि पाहणाराही समजूतदारपणें तिला आयाळ म्हणतो. आपण मूर्ति पाहत आहोंत हें त्याला ठाऊक असतें, म्हणून हा व्यवहार बिनतक्रार चालतो. परंतु तीच मूर्ति जिवंत प्राणी म्हणून त्याच्या डोळ्यांपुढें उभी करावयाची असेल, तर कोरलेली आयाळ पुरत नाहीं. तेथें खरे केस लावावे लागतात. अडचणीस आरंभ होतो तो येथूनच.

ही अडचण मुळांत गणिताची आहे. १८ फुटांचा प्राणी १८ इंचांत दाखवावयाचा म्हणजे त्याचें प्रत्येक माप बाराव्या हिश्श्यावर आणावयाचें. माणसाच्या डोक्यावरील केस साधारणपणें ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तेवढाच केस त्या मोठ्या प्राण्याच्या अंगावर आहे असें धरलें, तरी त्याच्या लहान प्रतिकृतीवरील केस ०.००६ मिलिमीटरांहून जाड असतां कामा नये. इतका बारीक केस आणावा कोठून? मेरिनो मेंढीची बारीक लोकर सुमारें ०.०१८ मिलिमीटर भरते, तर आंगोरा सशाची लव ०.०१२ ते ०.०१५ मिलिमीटरांच्या आसपास असते. रेशमाच्या किड्याच्या दुहेरी धाग्यांतील एक पदर वेगळा काढला तरी तोही ०.०१ मिलिमीटराच्या जवळपासच असतो. म्हणजे मऊपणासाठीं जगांत नांवाजलेला प्रत्येक तंतु त्या लहानग्या गोरिलाच्या अंगावर अपेक्षेपेक्षां दीडपट, दुप्पट, तिप्पट जाड ठरतो.

बरें, हवा तितका बारीक केस मिळाला असें मानलें, तरी प्रश्न सुटत नाहीं. मोठ्या प्राण्याचा लांब केस स्वतःच्या भारानें खालीं वांकतो व अंगासरसा बसतो. त्याच केसाची लांबी आणि जाडी दोन्ही बारा पटींनीं कमी केलीं, तर त्याचें वजन ताठपणाच्या मानानें फारच घटतें, आणि लांबीच्या प्रमाणांत पाहतां तो पूर्वीच्या बाराव्या हिश्श्याइतकाच वांकतो. साळिंदराच्या काट्याप्रमाणें तो उभाच राहूं पाहतो. म्हणून लहान प्राण्याच्या अंगावर केस लावून भागत नाहीं. ते फणीनें, पाण्यानें किंवा डिंकानें बसवावे लागतात, आणि बसविल्यावर पुन्हां कोणाचा स्पर्श होणार नाहीं अशी काळजी घ्यावी लागते.

या प्रश्नाशीं पहिली गांठ पडली ती खेळणीं करणारांची. जर्मनींतील गीन्गेन या गांवीं मार्गारेट श्टाइफ नांवाची एक स्त्री राहत असे. लहानपणींच्या आजारानें तिचे पाय अधू झाले होते. ती चाकांच्या खुर्चींत बसून शिवणकाम करी. १८८० च्या सुमारास तिनें नमद्याचा एक लहानसा हत्ती शिवला. टांचण्या टोंचून ठेवण्याची उशी म्हणून तो केलेला होता, पण मुलांनीं तो खेळावयास पळविला आणि त्यांतूनच तिचा कारखाना उभा राहिला. हत्तीला नमदा शोभला, कारण हत्तीच्या अंगावर केस असून नसल्यासारखेच. अस्वलाच्या बाबतींत हें चालण्यासारखें नव्हतें. तिचा पुतण्या रिचर्ड श्टाइफ यानें १९०२ सालीं अस्वल केलें तें मोहेरच्या कापडाचें. मोहेर म्हणजे आंगोरा जातीच्या बोकडाची लोकर. ती विणून मखमलीसारखें पण लांब लवेचें कापड तयार होतें. १९०३ सालच्या लाइपझिग येथील जत्रेंत एका अमेरिकन व्यापाऱ्यानें अशीं ३००० अस्वलें मागविलीं, आणि तेव्हांपासून केसाळ अस्वल घरोघर मुलांच्या बिछान्यांत जाऊन बसलें. परंतु खेळण्याला सत्याचा आग्रह नसतो. मुलाला अस्वल कुशींत घ्यावयाचें असतें. त्याचा केस खऱ्या प्रमाणांत आहे कीं नाहीं हें तें मोजीत बसत नाहीं. शिवाय मुलाच्या हातानें लव चोळवटली तर खेळण्याचें कांहीं बिघडत नाहीं, उलट प्रेमच वाढतें.

चलच्चित्रांचा उदय झाला आणि लहान प्राण्याकडे पाहणारा एक नवा, कठोर डोळा निर्माण झाला. कॅमेऱ्यानें एक चित्र घ्यावयाचें, थांबावयाचें, बाहुलीचा हात किंचित् सरकवावयाचा, पुन्हां एक चित्र घ्यावयाचें. हीं चित्रें ओळीनें वेगानें दाखविलीं कीं बाहुली आपण होऊन चालूं लागते. व्लादिस्लाव स्टारेविच यानें ही युक्ति प्राण्यांवर फार लवकर योजिली. मॉस्को येथें १८८२ सालीं पोलिश कुटुंबांत जन्मलेला हा गृहस्थ कीटकांचा अभ्यासक होता. १९१० सालीं शिंगाळ्या भुंग्यांची झुंज त्याला चित्रित करावयाची होती, पण प्रखर दिवे लागतांच ते निशाचर भुंगे हालचालच बंद करीत. तेव्हां त्यानें मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय मेणानें चिकटविले आणि तो त्यांच्याकडून झुंज करवूं लागला. भुंग्याच्या पाठीवर कवच असतें. तें हातानें दाबलें तरी खूण उरत नाहीं. पुढें फ्रान्समध्यें स्थायिक झाल्यावर १९२९-३० सालीं त्यानें एका लबाड कोल्ह्याच्या जुन्या कथेवर मोठें चित्र रचलें. तें लोकांपुढें आलें १९३७ सालीं, बर्लिन येथें. त्यांत कोल्हा, सिंह, लांडगा, अस्वल असे केसाळ प्राण्यांचे दरबारच भरले आहेत. मुद्रेवरील भाव नीट दिसावेत म्हणून तो शॅमॉय नांवाचें पातळ, मऊ कातडें वापरी, आणि अंगावर केस लावी. परंतु ते प्राणी कपडे घालीत, बोलत, राजकारण करीत. ते खरे आहेत असा दावा कोणीच केला नव्हता, म्हणून त्यांचा केस हलला तरी कोणाचा भ्रम मोडत नव्हता.

काँगचा दावा तसा नव्हता. त्याच्याकडे पाहून प्रेक्षकानें घाबरावयाचें होतें व शेवटीं हळहळावयाचें होतें. हें काम ज्याच्या शिरावर आलें तो विलिस ओब्रायन १८८६ सालीं कॅलिफोर्नियांत जन्मला. संगमरवर घडविणें, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रें काढणें, मुष्टियुद्ध, असे नाना उद्योग करून तो या कलेकडे वळला होता. १९२५ सालच्या 'द लॉस्ट वर्ल्ड' या मूकपटांत त्यानें प्राचीन काळचे महाकाय सरडे जिवंत केले आणि त्याचें नांव झालें. त्याच्यासाठीं ते प्राणी घडविणारा मार्सेल डेल्गाडो हा मूळचा मेक्सिकोचा तरुण. तो लॉस एंजेलिस येथें वाण्याच्या दुकानांत काम करून कलाशाळेंत शिकत होता. ओब्रायननें नोकरी देऊं केली तेव्हां त्यानें प्रथम नकार दिला. पण एके दिवशीं स्टुडिओंत नेऊन काम करण्याची जागा व सर्व हत्यारें दाखविल्यावर त्याचें मन वळलें. पुढें दोघांची जोडी जमली ती कित्येक वर्षें टिकली.

सरडे घडविण्यांत डेल्गाडोनें अपूर्व कौशल्य मिळविलें होतें. पण सरड्याला केस नसतात. रबराच्या चिकाचें खरबरीत कातडें बोटांनीं दाबलें तरी पुन्हां जसेंच्या तसें होतें. काँगच्या वेळीं मात्र डेल्गाडोला अगदीं निराळा मार्ग धरावा लागला. बेटावरील प्रसंगांसाठीं १८ इंचांचे व शहरासाठीं २४ इंचांचा असे गोरिला त्यानें केले. आंत हलक्या मिश्रधातूचा सांगाडा. त्याला माणसाच्या खांद्याप्रमाणें उखळीचे सांधे, म्हणजे हातपाय ज्या स्थितींत ठेवावे त्या स्थितींत राहावे. सांगाड्यावर कापूस व रबर यांचे स्नायु. त्यांवर रबराच्या चिकाचा लेप. आणि सर्वांवरून सशाचें लवदार कातडें. सशाची लव हातीं येण्याजोग्या तंतूंपैकीं अतिशय बारीक व मऊ, म्हणून ती निवडणें सयुक्तिकच होतें. परंतु तिच्या या गुणांतच तिचा दोष दडलेला होता. जी लव इतकी मऊ, ती बोट लागतांच दबते, आणि दबली कीं दबलेलीच राहते.

बोलपटांत दर सेकंदास २४ चित्रें लागतात. एका मिनिटास १४४०. तेव्हां काँगच्या एका मिनिटाच्या हालचालीसाठीं त्याच्या अंगाला शेंकडों वेळां हात लावणें भाग होतें. हात वर न्यावयाचा तर दंड धरावा लागे, मान वळवावयाची तर खांदा धरावा लागे. प्रत्येक खेपेस बोटें किंचित् निराळ्या जागीं पडत, आणि प्रत्येक चित्रांत केसांची एक निराळी खळी उमटे. डोळ्याला एकटी खळी दिसली नसती. पण सेकंदाला २४ खळ्या जागा बदलूं लागल्या म्हणजे सर्व अंगावर लहरी उठतात. हाच तो अदृश्य हात. भरीस भर अशी कीं, तोंडाजवळून घ्यावयाच्या दृश्यांसाठीं काँगचें एक प्रचंड डोकें पूर्ण आकारांत तयार केलें होतें, व आंत बसलेलीं माणसें त्याचे डोळे व जबडा हलवीत असत. त्या डोक्यावर अस्वलाचीं कातडीं चढविलीं होतीं. म्हणजे एकच प्राणी एका दृश्यांत सशाचें पांघरूण घेई व दुसऱ्यांत अस्वलाचें.

हें कातडें बोटांचे ठसे दाखवील हें डेल्गाडोला आधींच कळून चुकलें होतें, आणि तें त्याला कधींच रुचलें नाहीं, असें त्यानें पुढें सांगितलें. तयार झालेले तुकडे कंपनीच्या वरिष्ठांना दाखविण्याची वेळ आली तेव्हां कारागीर मंडळी मनांतून धास्तावलीं होतीं. परंतु घडलें भलतेंच, असें सांगतात. काँगचे केस हलतांना पाहून वरिष्ठ खूष झाले. संतापानें त्याच्या अंगावरचे केस कसे पिंजारले आहेत पहा, असा त्यांनीं त्याचा अर्थ लावला! कांजरावर चिडलेल्या मांजराचे किंवा कुत्र्याचे केस उभे राहतात हें प्रत्येकानें पाहिलेलें असतें. प्रेक्षकांनींही बोटांच्या ठशांना क्रोध म्हणूनच ओळखलें. कारागिराच्या मनांतली लाज पडद्यावर प्राण्याचा स्वभाव बनली.

तथापि दोष तो दोषच, आणि तो दूर करण्याची ईर्षा नव्या माणसांत निर्माण झाली. १९३३ सालीं लॉस एंजेलिसच्या एका चित्रगृहांत तेरा वर्षांच्या एका मुलानें 'किंग काँग' पाहिला. त्याचें नांव रे हॅरीहाउझेन. तो बाहेर पडला तो याच वेडानें भारून. लवकरच त्यानें घरीं गुहेंत राहणाऱ्या प्राचीन अस्वलाची बाहुली केली. सांगाडा लांकडाचा होता, आणि केसांसाठीं आईचा जुना फरकोट उपयोगी आला. चित्रण त्यानें घरामागच्या अंगणांत उन्हांत केलें. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सूर्य पुढें सरके, त्यामुळें पडद्यावर सांवल्या उड्या मारूं लागल्या. काँगच्या केसांनीं जें ओब्रायनला शिकविलें तेंच या सांवल्यांनीं त्या मुलाला शिकविलें: या कलेंत मध्यंतरीं गेलेला वेळ लपून राहत नाहीं, कोठें ना कोठें तो चित्रांत उमटतोच.

पुढें तो स्वतः ओब्रायनच्या हाताखालीं काम करूं लागला, आणि १९४९ सालीं 'माइटी जो यंग' हा नव्या गोरिलाचा बोलपट निघाला. त्यांतील बहुतेक हालचाल हॅरीहाउझेनच्या हातची आहे. याही गोरिलाच्या अंगाची उभारणी डेल्गाडोनेंच केली. परंतु केसांचें काम या वेळीं जॉर्ज लॉफग्रेन नांवाच्या निराळ्या कारागिराकडे देण्यांत आलें. मेलेल्या प्राण्यांचीं कातडीं भरून ते जिवंतसे उभे करणें हा त्याचा व्यवसाय. दोष नुसता केसांत नसून केसाखालच्या कातड्यांतही आहे, हें त्याच्या योजनेवरून दिसून येतें. कमावलेलें कातडें वाळतें, आंवळतें, सांध्यांवर त्याला घड्या पडतात. बाहुलीचा हात वांकला कीं तें ताणलें जाऊन सगळा केस जागचा हलतो. लॉफग्रेननें केस जागच्या जागीं ठेवून खालचें मूळ कातडेंच नाहींसें केलें व त्याच्या ठिकाणीं रबराचा थर दिला. केसांचीं मुळें रबरांत रुतलीं. आतां अंग वांकलें कीं रबर ताणे, सैल पडे, आणि केस आपल्या जागीं राहत. लहान मापाला शोभेल असा आंखूड, बारीक केस पाहिजे म्हणून त्यानें गाईच्या गर्भांतील वासराचें कातडें वापरलें. ऐकणाऱ्याचें मन येथें चरकल्यावांचून राहणार नाहीं. परंतु जिवंतपणाचा भास उत्पन्न करण्यासाठीं माणूस कोठवर जातो, त्याचीही इतिहासांत नोंद असावयास हवी.

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा झाला. जो गोरिला बसतो, उठतो, रुसतो, आगींत शिरून मुलांना वांचवितो. पण त्याचा केस वावगा हलत नाहीं. बोटें जवळ जवळ अदृश्य झालीं. १९५० सालीं या बोलपटास विशेष दृश्ययोजनेचें अकादमी पारितोषिक मिळालें. सोळा वर्षांपूर्वीं ज्या एका गोष्टीनें डेल्गाडोला खंत वाटली होती तिचा निकाल लागला. परंतु लोकांच्या स्मरणांत राहिला तो काँगच. जोच्या बोलपटाला प्रेक्षकांचा म्हणावा तसा आश्रय मिळाला नाहीं. याचें कारण केवळ केसांत शोधणें अर्थातच वेडेपणाचें होईल. पण केस निर्दोष झाल्यानें प्राणी अधिक जिवंत होतोच असें नाहीं, एवढें मात्र त्यावरून ठरलें.

यानंतरचा पन्नास वर्षांचा काळ कृत्रिम तंतूंचा व शेवटीं गणकयंत्राचा आहे. २००१ सालच्या 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' या चित्रपटांतील निळ्या राक्षसाच्या अंगावर २३ लाखांहून अधिक केस होते, आणि त्यांच्या हालचालीचा हिशेब यंत्र करीत होतें. २००५ सालीं 'किंग काँग' नव्यानें निघाला तेव्हां त्याच्या अंगावर ना ससा होता ना अस्वल. सर्व केस यंत्राच्या गणितांतूनच उगवले होते. त्यांना बोट लावणारें कोणी नव्हतें, म्हणून ते वारा आला तरच हलत. जो हात लपविण्यासाठीं इतके कष्ट झाले होते, त्याची गरजच उरली नाहीं.

आणि नेमक्या याच वेळीं त्या हाताची आठवण झाली. २००९ सालीं वेस अँडरसन या दिग्दर्शकानें 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' हा चित्रपट जुन्या रीतीनें, केसाळ बाहुल्या एकेका चित्राला हलवून तयार केला. काँगच्या व स्टारेविचच्या कोल्ह्याच्या अंगावर उठणाऱ्या लहरी त्याला मनापासून आवडत. म्हणून त्यानें त्या लपविल्या नाहींत. बाहुल्यांची हालचालही दर सेकंदास २४ ऐवजीं बहुधा १२ वेळांच बदलली, त्यामुळें प्रत्येक स्पर्श अधिकच डोळ्यांत भरतो. डेल्गाडोला जें सलत होतें तें या चित्रपटांत हौसेनें राखून ठेवलेलें आहे.

त्याच २००९ सालीं लंडन येथें एका लिलावांत काँगचा एक मूळ सांगाडा विक्रीस आला. २२ इंच उंचीचा, धातूचा, उखळीच्या सांध्यांचा. सुमारें १ लक्ष २१ हजार पौंडांस तो विकला गेला. त्याच्या अंगावर केस मात्र नव्हते. रबर चिरून गळालें होतें, कापूस कुजला होता, आणि ज्या सशाच्या लवेवरून एवढा ऊहापोह झाला ती लवही काळानें नाहींशी केली होती. धातु तेवढा टिकला.

ते केस आतां एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतात, आणि तें ठिकाण म्हणजे १९३३ सालच्या त्या बोलपटाची पट्टी. तेथें ते अजूनही दर सेकंदास २४ वेळां दबतात व उठतात. ज्या बोटांनीं ते दाबले त्या बोटांचे धनी आतां हयात नाहींत. पण वानराच्या छातीवरील प्रत्येक खळींत त्यांचा हात एका क्षणापूर्वीं तेथें होता, एवढें स्पष्ट दिसतें.